बाटलीतला पुदिना

आमच्या शाळेच्या मागच्या अंगणात एक परसबाग आहे. 'आहे' म्हणताना जीभ जरा अडखळते, कारण ती वर्षातले आठ महिने असते आणि चार महिने नसते. जुलैत आम्ही वाफे करतो. दिवाळीच्या पुढेमागे मेथी, पालक, टोमॅटो शाळेच्या खिचडीत पडायला लागतात. होळी झाली की माती भेगाळते. आपल्या धाराशिव जिल्ह्यात राहणाऱ्यांना यात काही नवल वाटायचं नाही. मार्चमध्ये आमच्या गावातला हापसा चार वेळा खोकतो तेव्हा एकदा पाणी देतो. मग टँकरची वाट पाहायची. माणसांना आणि जनावरांनाच पुरत नाही, तिथं वांग्याला कोण विचारतो?

माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी मात्र विचारायची. दुपारच्या सुट्टीत आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी ती स्वतः लावलेल्या वांग्याच्या बुडाशी ओतायची. एकदा मी जवळ जाऊन पाहिलं, तर बाटली अर्धी भरलेली. म्हणजे पाणी उरलेलं नव्हतं, ती राखून ठेवत होती. मी तिला रागावले. "आधी तू पी, मग झाडाचं बघू," म्हटलं. तिनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मार्च संपता संपता ते वांगं वाळलंच.

त्याच सुमारास पुण्याहून माझे दीर आले. त्यांनी एक खोकं आणलं होतं. 'ओट्यावरची बाग' म्हणून हल्ली शहरात मिळते तसली. चहाच्या ट्रेएवढी पांढरी पेटी, आत तीन-चार लिटर पाण्याची टाकी, झाकणाला सहा भोकं, प्रत्येक भोकात स्पंजची एकेक गुल्ली. वर दांड्याला दिव्यांची पट्टी आणि टाकीत, माशांच्या काचपेटीत असतो तसला, बोटभर पंप. सोबत 'ए' आणि 'बी' अशा खताच्या दोन बाटल्या. माती कुठंच नाही! घरी ओट्यावर जागा नव्हती (आमच्या ओट्यावर भाकरीची परात मावते तेच पुष्कळ), म्हणून मी ती पेटी सरळ वर्गात नेली.

पोरांनी गराडा घातला. स्पंजच्या गुल्लीत धने पेरले, दिवा लावला. वर्गात गुलाबी-जांभळा उजेड पडला, तेव्हा "बाई, गणपतीची आरास केलीय का?" असं एकानं विचारलंसुद्धा. पण खरा प्रश्न त्या वांगीवाल्या मुलीचा होता.

"बाई, माती नाही, तर हे झाड खाणार काय?"

प्रश्न आपल्याला सोपा वाटतो. झाड मातीतून जेवतं, असं आपण सगळेच लहानपणापासून धरून चालतो. मीही चालले होते. म्हणून मी पोरांना एक जुनी गोष्ट सांगितली. तीच तुम्हाला सांगते.

आजच्या बेल्जियममध्ये व्हॅन हेल्मोंट नावाचा एक विद्वान होऊन गेला. त्यानं भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती, म्हणजे सुमारे ९० किलो, मोजून एका मोठ्या कुंडीत भरली. तीत ५ पौंडांचं, म्हणजे सव्वादोन किलोचं, विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. मग झाड उपटून तोललं. भरलं १६९ पौंड, म्हणजे ७६ किलोंच्या वर. आता माती किती कमी झाली असेल? पोरांनी अंदाज केले: पन्नास किलो, वीस किलो, निदान दहा तरी. खरं उत्तर आहे फक्त २ औंस. साठ ग्रॅमसुद्धा नाही. दोन मुठी शेंगदाण्यांइतकी माती गेली, आणि झाड वाढलं ७४ किलोंनी!

व्हॅन हेल्मोंटच्या मृत्यूनंतर, १६४८ साली, हा प्रयोग पुस्तकात छापून आला. त्यानं निष्कर्ष काढला की झाड सगळंच्या सगळं पाण्याचं बनलेलं असतं. इथं तो चुकला. पानं हवेतून कार्बन डायऑक्साइड वायू घेतात, मुळं पाणी देतात आणि उजेडाच्या जोरावर पानांत साखर तयार होते. झाडाचं बरंचसं अंग त्यातून घडतं. गंमत म्हणजे 'गॅस' हा शब्द पहिल्यांदा वापरला तो ह्याच माणसानं, आणि झाडाच्या हिशेबात नेमका गॅसच धरायचा तो विसरला!

मग त्या साठ ग्रॅमना काहीच किंमत नाही का? आहे, आणि ती दाखवली पुदिन्यानं. १६९९ साली इंग्लंडमधल्या जॉन वुडवर्ड यांनी पुदिन्याची एक जात वेगवेगळ्या पाण्यांत वाढवली: पावसाचं पाणी, नदीचं पाणी, बागेतली माती कालवलेलं पाणी. मातीच्या पाण्यातला पुदिना सर्वांत जास्त वाढला. म्हणजे मातीतलं काहीतरी पाण्यात उतरतं आणि ते झाडाला हवं असतं. पुढं १८६० च्या सुमारास जर्मनीत सॅक्स आणि नॉप या शास्त्रज्ञांनी हे 'काहीतरी' म्हणजे कोणते क्षार ते शोधून काढलं. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक, थोडं लोह. एवढे क्षार मापानं पाण्यात विरघळवले, तर मातीशिवाय झाड वाढतं. जेवणातल्या मिठासारखं आहे हे. मिठावर कुणाचं पोट भरत नाही, पण ते नसलं तर घास उतरत नाही. माझ्या पेटीसोबत आलेल्या 'ए' आणि 'बी' बाटल्यांत हेच क्षार होते. बाटल्या दोन का, असं एकानं विचारलं. दाट द्रावणं एकत्र केली की कॅल्शियम आणि फॉस्फेट एकमेकांना धरून बसतात, पांढरा साका होतो आणि तो मुळांना पिता येत नाही. म्हणून आधी पाणी घ्यायचं, त्यात 'ए' ढवळायचं आणि मग 'बी'.

आता राहिला तो गुलाबी दिवा. त्याचं काम तुम्ही घरी दरवर्षी पाहता. तुळजापूर आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळं नवरात्रात घट बसत नाही असं घर आपल्याकडं विरळा. देवघराच्या कोपऱ्यात काळ्या मातीत गहू-ज्वारी पेरतो आणि नऊ दिवसांत वीतभर कोंब वर येतात. दसऱ्याला ते तुरे आपण टोपीत खोवतो. पण त्यांचा रंग आठवा. पिवळा! शेतातला गहू नऊ दिवसांत एवढा उंचही होत नाही आणि इतका पिवळाही नसतो. घटातला कोंब दाण्यातली शिदोरी खात उजेड शोधत पळत असतो, म्हणून तो लांब आणि हडकुळा होतो. हिरवा रंग यायला उजेड लागतो, तोच तिथं कमी. दहाव्या-बाराव्या दिवशी शिदोरी संपते आणि कोंब मान टाकतो. घरातल्या ओट्यावर रोज भाजी हवी, तर उन्हाची जागा दिव्यानं घ्यायला हवी. पानं तांबडा आणि निळा उजेड जास्त शोषतात, हिरवा त्या मानानं परत पाठवतात. म्हणूनच ती आपल्याला हिरवी दिसतात. त्या दिव्यांत तांबडा-निळा जास्त असल्यानं वर्गात गुलाबी उजेड पडला होता.

पण हा उजेड फुकट नसतो. आम्ही फळ्यावर गणित मांडलं. २० वॅटचा दिवा रोज १५ तास, म्हणजे ३०० वॅट-तास, म्हणजे ०.३ युनिट. महिन्याला ९ युनिटं, आणि पंपाचं वेगळं. सहा जुड्यांइतकी कोथिंबीर निघाली तरी खूप. "बाई, बाजारात परवडतंय," किराणा दुकानदाराच्या मुलानं निकाल दिला. हिशेबात त्याचा हात कुणी धरत नाही.

तरी कोथिंबीर उगवली. बारा दिवसांनी स्पंजातून दोन-दोन नाजूक पानं वर आली, तेव्हा वर्गात कुणीही मोठ्यानं बोलत नव्हतं. पेटीला झोप लागलीय असं जणू! आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गावातली डीपी जळाली. चार दिवस वीज नाही. पारा चाळिशीच्या पुढं, वर्गावर पत्रा. पाचव्या दिवशी झाकण उचललं तर नाक धरावं लागलं. मुळं तपकिरी, बुळबुळीत, सडलेली. मुळांनाही श्वास घ्यायचा असतो. पंप पाणी हलवतो तेव्हा पाण्यात हवा मिसळते. पंप बंद, त्यात पाणी गरम, आणि गरम पाण्यात हवा कमी मुरते. टाकी पाण्यानं भरलेली असताना आमची कोथिंबीर गुदमरून मेली.

मी पेटी कपाटावर ठेवून दिली. मला वाटलं, संपलं. पण पोरं सोडायला तयार नव्हती. "बाई, विजेशिवाय होत नाही का?" मग मी शोधलं, वाचलं. होतं! हवाई बेटांवरच्या विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांनी बिनपंपाची रीत लोकांपुढं आणली, ती अगदीच साधी आहे. भांडं काठोकाठ भरायचंच नाही. मुळांचा खालचा भाग पाण्यात, वरचा मोकळ्या हवेत. झाड पाणी पितं तशी पातळी उतरते, मुळं पाण्यामागं खाली जातात आणि वर उघडी पडलेली मुळं हवा घेत राहतात.

आम्ही पुदिना धरला. आठवडी बाजारातून एक जुडी आणली. तुम्हाला करायचं असेल तर असं करा. ताज्या, चार-पाच बोटं लांब काड्या निवडा, खालची पानं खुडा आणि काड्या स्वच्छ पाण्यात उभ्या करा. आठवडाभरात पेरांपाशी दोऱ्यासारखी पांढरी मुळं फुटतात. मग एक लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली वरून एक तृतीयांश कापून घ्या (कापायचं काम आई-बाबांकडं द्या). कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा खालच्या भागात बसवा. त्यातून मुळं खाली सोडा आणि काडीभोवती स्पंज किंवा कापूस दाबून बसवा. फट ठेवू नका, नाहीतर डास आत अंडी घालतील आणि पुदिन्याऐवजी डेंग्यू पिकवाल! बाटलीला बाहेरून जाड कागद गुंडाळा. पाण्यावर उजेड पडला की शेवाळ माजतं. जागा खिडकीची, सकाळचं ऊन येणारी. दुपारच्या उन्हात बाटली तापते, आणि तापलेल्या पाण्याचं काय होतं ते आमच्या कोथिंबिरीला विचारा.

नुसत्या पाण्यात पुदिना काही दिवस मजेत राहतो, मग खालची पानं पिवळी पडू लागतात. तेव्हा ते क्षार लागतात. आम्ही 'ए' आणि 'बी', बाटलीवर लिहिलेल्या मापाच्या अर्ध्या मापानं घातले. इथं एक भानगड झाली ती सांगायलाच हवी. शेवटच्या रांगेतल्या एकाला आपला पुदिना सगळ्यांच्या पुढं न्यायचा होता. त्यानं घरून युरिया आणला आणि गुपचूप अर्धी मूठ बाटलीत टाकला. दोन दिवसांत पुदिना काळा पडून मान टाकून बसला. पोरगं रडायच्या बेतात. "बाई, आमचे पपा तर उसाला पोतंभर टाकतात!"

पपांचं चुकत नाही, आणि त्याचं चुकलं ते असं. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावलं की फोडींतलं पाणी बाहेर येतं ना? तसंच झालं. बाहेरचं पाणी इतकं दाट झालं की मुळांनी पाणी प्यायचं सोडून, मुळांतलंच पाणी बाहेर ओढलं गेलं. शिवाय युरिया हे तयार जेवण नव्हे, तो शिधा आहे. शेतात मातीतले कोट्यवधी जिवाणू त्याचं आधी अमोनियात आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, तेव्हा कुठं पिकाला तो नीट पचतो. आमच्या बाटलीत हे आचारी होते कुठं? माती काय काय करते, ते आम्हाला माती काढून घेतल्यावर कळलं. त्या मुलाला दुसरी काडी दिली. (खताला हात मोठ्या माणसांनीच लावावा, हेही तेव्हापासून वर्गाचा नियम झाला.)

पोरांनी प्रत्येक बाटलीवर पेनानं रेघ मारली होती. एका बाटलीत २४ दिवसांत साधारण पाऊण लिटर पाणी उतरलं. परसबागेतल्या वीस झाडांच्या वाफ्याला आम्ही रोज दोन झाऱ्या, म्हणजे वीसेक लिटर घालायचो. झाडामागं रोज एक लिटर, २४ दिवसांत २४ लिटर. कुठं पाऊण लिटर आणि कुठं २४! वर्गात एकच गलका. हे पाणी वाचतं कुठं? वाफ्यात घातलेलं पाणी खाली जिरतं, उन्हानं उडून जातं, तणही पितं. बाटलीत पिणारा एकटा पुदिना.

त्या गलक्यात ती वांगीवाली मुलगी गप्प होती. मग म्हणाली, "बाई, माझं वांगं बाटलीत लावलं असतं तर जगलं असतं?"

हो म्हणणं किती सोपं होतं. पण आमचं फळ्यावरचं गणित लबाड होतं, आणि ती ते पकडत होती. पुदिन्याची काडी आणि वांग्याचं झाड यांची तुलना होते का? अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या गेरिक यांनी मोठ्या टाक्यांत, नुसत्या पाण्यावर, माडीएवढे उंच टोमॅटो वाढवले होते. मातीविना शेतीचं 'हायड्रोपोनिक्स' हे नाव त्यांनीच १९३७ साली रूढ केलं. म्हणजे वांगंही येतं. पण त्याला बादलीएवढं भांडं हवं, दिवसभराचं ऊन हवं, आणि फळं धरल्यावर चैत्राच्या उन्हात ते लिटरभर पाणी तिथंही पिणारच. मी तिला म्हटलं, "खिडकीतल्या बाटलीत नसतं जगलं." तिनं पुन्हा मान हलवली.

तिचे आजोबा तिला न्यायला आले होते, ते दारातूनच ऐकत होते. म्हणाले, "बाई, हे आम्ही केलंय की!" २०१८ साली सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, आपले तालुकेही त्यात होते. त्या उन्हाळ्यात त्यांनी मका भिजवून, मोड आणून, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये पसरला. वर सावलीची जाळी, दिवसातून पाच-सहा वेळा पाण्याचा फवारा. आठ-दहा दिवसांत हिरवीगार सतरंजी तयार, मुळांसकट उचलून गाईपुढं टाकायची. किलोभर मक्याचे पाच-सहा किलो होतात. गोव्यातल्या कृषी संशोधन संस्थेनंही दुभत्या जनावरांसाठी असा चारा करून पाहिला आहे. "पण त्यात पाणीच जास्त," आजोबा म्हणाले, "त्यावर एकट्यावर गाय जगत नाही, कडबा लागतोच." हे अगदी शास्त्राला धरून आहे. आठ दिवसांत कोंब बहुतेक दाण्याच्या शिदोरीवरच जगतो. वजन वाढतं ते पाण्याचं. गाईला हिरवं तोंडात पडतं, हा त्यातला फायदा.

खरं तर ही विद्या जिथं माती नाही तिथली. पॅसिफिक महासागरातल्या वेक बेटावर नुसतं पोवळ्याचं खडकाळ रान. १९३० च्या दशकाच्या शेवटी तिथं थांबणाऱ्या विमानांतल्या प्रवाशांसाठी अशीच भाजी पिकवत. आपल्या देशात १९४६ पासून दार्जिलिंगकडच्या डोंगरात शोल्टो डग्लस यांनी वाळू, खडी आणि साध्या खतांवर चालणारी स्वस्त रीत बसवली. ती 'बंगाल पद्धत' म्हणून जगभर गेली. आणि २०२५ च्या जुलैत आपले शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात होते, तेव्हा त्यांनी काय उगवून पाहिलं? मूग आणि मेथी! प्रयोग आखला होता आपल्या शेजारच्या धारवाडच्या शास्त्रज्ञांनी. मेथी म्हणताच आमच्या वर्गाला अंतराळ एकदम शेजारच्या गल्लीत आल्यासारखं वाटलं.

मे महिन्याची सुट्टी लागली. बाटल्या वर्गात ठेवून चालणार नव्हतं, म्हणून प्रत्येकानं आपापली घरी नेली. जूनच्या मध्यात शाळा भरली, तेव्हा सतरापैकी नऊ परत आल्या. दोन शेळीनं खाल्ल्या, एक पाहुण्यांच्या चटणीत गेली, तीन वाळल्या, एक म्हणे मामाच्या गावालाच राहिली, आणि एकीचं काय झालं ते तिचा मालक अजून सांगत नाही. युरियावाल्याची बाटली सगळ्यांत दाट होती, हे मुद्दाम लिहिते.

त्या मुलीनं बाटलीबरोबर वहीही आणली होती. शेवटच्या पानावर तारखा आणि पुढं रेघेपासून पाणी किती बोटं उतरलं ते. रोजचं, एकही दिवस न चुकवता. मधेच एका ओळीत लिहिलं होतं: 'आज टँकर नाही. पाणी घातलं नाही. पुदिना बरा आहे.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी: 'टँकर आला. अर्धा तांब्या. मी पण प्याले.'